तीन बोटांचं माप

वैशाख अर्धा सरला की आमचा तलाव आक्रसतो. आधी पाळीला, म्हणजे बांधाला लागलेलं पाणी जातं, मग घाटाच्या पायऱ्या उघड्या पडतात, मग मधल्या खोलगटात हिरवट डबकं उरतं आणि भोवती भेगाळलेला चिखल. त्या चिखलाचा वास पार घरात येतो. पाहुण्यांना तो सोसत नाही. आम्हाला तो आला की कळतं, जाळी विणायचे दिवस आले.

आमचं मासे धरणाऱ्यांचं घर. पावसाळा-हिवाळा पाण्यावर, उन्हाळा सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत. या दिवसांत गावातल्या निम्म्या बाया पहाटे तेंदूपानाला जंगलात जातात. वाघ आहे तरी जातात. दुपारी सावलीला बसून पानांचे पुडे बांधतात. गुडघे गेल्यापासून मी जात नाही. मी जाळं विणते. एका हातात दोरा भरलेली बांबूची सुई, दुसऱ्या हातात बांबूची पट्टी. दोरा पट्टीवरून घ्यायचा, गाठ मारायची, पट्टी सरकवायची. पट्टी जेवढी रुंद तेवढा जाळ्याचा डोळा. डोळा म्हणजे भोक. अख्खं जाळं त्या एका पट्टीवर अवलंबून असतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पुढची शाळा नदीपलीकडे होती. आमच्यात पोरीला नावेत बसवून शाळेत कोणी पाठवत नसे, मासे घेऊन बाजारात पाठवत. तरी मला लिहिता येतं आणि जे पाहिलं ते सांगता येतं. दरवर्षी पट्टी हातात घेतली की मला तीन वर्षांपूर्वीचा वैशाख आठवतो. गोड आठवण म्हणून नव्हे. त्या वर्षी मी नातीला चुकीचा सल्ला दिला होता.

नात म्हणजे पल्लवी, माझ्या मुलाची, रामदासची थोरली. नागपूरला कॉम्प्युटरचं शिकून आली होती आणि वर्ष झालं तरी नोकरी नव्हती. रामदासने तिला वनरक्षकाच्या भरतीत घालायचं ठरवलं होतं. त्या भरतीत धावावं लागतं. म्हणून उजाडलं की पोरगी तलावाच्या पाळीवरून धावायची आणि मागून बाप सायकलवर. हातात काठी, हँडलला पत्र्याचा डबा. डबा वाघासाठी, वाजवायला. पण पोरगी थांबली की बाप डबा बडवायचा. घाटावरच्या बाया हसायच्या, "रामदासभाऊ, वाघाले हाकलता का पोरीले?"

धावून आली की आंघोळ करायची आणि सपरीत माझ्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसायची.

"काय करून राह्यली व?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"ऑपरेटिंग सिस्टिम बनवून राह्यली, आजी. ज्याच्यावर कॉम्प्युटर चालते थे."

"तयार भेटत नाई का बजारात?"

"भेटते ना. फुकटात भेटते."

"मंग?"

"मले पार मुळापासून स्वतः बनवून पाह्याची हाये."

तयार जाळीही प्रत्येक आठवडी बाजारात टांगलेली असतात आणि तरी मी विणत बसते. म्हणून मी पुढची गाठ मारली.

हळूहळू तिचं काम मला जेवढं समजलं ते असं. माणसाने लिहिलेल्या इंग्रजी अक्षरांच्या हजारो ओळी असतात. लिहिणारे जगभरचे, आणि त्यांनी त्या कोणीही घ्याव्या म्हणून उघड्या ठेवलेल्या. पण मशीनला त्या ओळी कळत नाहीत. त्या मशीनच्या बोलीत उतरवाव्या लागतात. उतरवणारं एक हत्यार असतं, आणि ते हत्यारही तसल्याच ओळींचं बनलेलं असतं. एकेक भाग उतरवून, जागच्या जागी बसवून, शेवटी सगळं मिळून एक मशीन चालवायला उभं राहतं.

"याले युनिक्ससारखी सिस्टिम म्हणतात," ती म्हणाली.

"हा युनिक्स कोण?"

"जुना हाये एक. त्याच्याच वळणावर बाकीचे चालतात."

"म्हणजे कूळ त्याचं आन चूल तुही."

ती हसली. मी मात्र एका गोष्टीवर अडले होते. "ओळी उतरवणारं हत्यार बी ओळीचंच, तं मंग तुह्यं पहिलं हत्यार कोणं उतरवलं?"

"लॅपटॉपमंधी जुनी सिस्टिम हाये ना, तिच्या हत्यारानं."

"जुन्या पट्टीवरून नवी पट्टी कापतात तसं?"

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तसंच, आजी. पण नवं झालं का जुनं बाजूला ठेवाचं. मंग नव्यानं आणखी नवं बनवाचं. त्याच्यात जुन्याचा कण बी नाई राह्यला पाह्यजे. म्हणून मी एक खोली बनवली हाये मशीनच्या आत. दार लावून घ्याचं आन आतच काम कराचं. आतून बाहेरचं जुनं दिसतच नाई."

खोली म्हणजे खरी खोली नव्हे हे मला कळलं. पण मी ती डोळ्यांपुढे आणली ती आमच्या आतल्या मातीच्या खोलीसारखीच.

कारण आठवड्याभरात पल्लवी तिथेच जाऊन बसली. ऊन असं की सपरीतली शेणाने सारवलेली भुई तळव्याला भाजायची. लॅपटॉप तापून आपोआप बंद पडायचा. आतल्या खोलीत त्याला चार कोपऱ्यांखाली चार खापऱ्या दिल्या, शेजारी पाण्याचा माठ, वरून टेबलपंखा. घरात पंखा तेवढाच. माझी सून सुनंदा पदराने वारा घेत म्हणायची, "माणसं शिजली तरी चालते, मशीन नाई शिजली पाह्यजे." मीही जाळं घेऊन आत गेले. आत थंड होतं म्हणून. तिच्या कामाचं कौतुक म्हणून नव्हे.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी वर सरकत राहायच्या. तासन् तास. वाटेत एखादी ओळ अडायची, तेव्हा पल्लवी म्हणायची, "अटकलं," आणि मागे जाऊन काहीतरी वाचत बसायची. मी माझ्या गाठी मारत राहायचे. दोघींचं काम बघायला सारखंच कंटाळवाणं होतं. सुनंदा दारातून डोकावून विचारायची, "दिवसभर वाचून राह्यली, संपत काऊन नाई व?"

हा नुसता छंद असता तर रामदासने तो आठ दिवसांत बंद केला असता. पण पोरीने नागपूरच्या एका लहानशा कंपनीला पत्र लिहिलं होतं. ते लोक बारक्या यंत्रांत घालायच्या सिस्टिमी बनवतात. त्यांचं उत्तर आलं: तुम्ही बनवलेली सिस्टिम घेऊन या, आमच्या मशीनवर चालवून दाखवा, मग बोलू. मृग लागल्यानंतरचा एक दिवस दिला होता.

रामदास त्या दिवशी जेवताना म्हणाला, "तुही मशीन उभी राह्यली तं नागपूर. नाई राह्यली तं भरतीचा फॉर्म. मंग मले काई म्हणाचं नाई."

"नाई म्हणत," पल्लवी म्हणाली.

"आईपुढं बोल."

"आजीपुढं बोलतो. नाई म्हणत." आमच्याकडे बायाही बोलतो, जातो असंच म्हणतात.

मधे एक दिवस वादळ आलं. अंगणातल्या आंब्याची फांदी पडली, दोन घरांच्या छपरांची कवेलू उडाली आणि लाइट गेली ती दीड दिवस. तिच्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, लाइट गेली की तो जागच्या जागी बंद. लाइट आली तेव्हा पोरगी हातातली भाकर टाकून धावली आणि जिथे अडलं होतं तिथून पुढे काम सुरू केलं. मला ते चांगलं आठवतं, कारण ती भाकर कोंबडीने नेली.

मे संपता संपता एका दुपारी तिने आम्हा सगळ्यांना आत बोलावलं. पडदा काळा झाला. काही ओळी भराभर गेल्या. मग एक शब्द आला आणि पुढे एक रेघ लुकलुकत राहिली. शब्द होता बोडी. शेताशेजारच्या लहान तळ्याला आम्ही बोडी म्हणतो. लहान आहे म्हणून तिने तेच नाव दिलं होतं.

"आता हे काय करते?" रामदासने विचारलं.

"काई नाई. मलेच इचारून राह्यलं, काय करू म्हणून."

तिने मशीनला तारीख विचारली. मशीनने सांगितली एकोणीसशे सत्तर सालच्या जानेवारीची एक तारीख.

"पन्नास वर्षं मांगं हाये तुही मशीन," रामदास म्हणाला. "सरकारी हाये का?"

"घड्याळ नाई लावलं अजून. तारीख नाई सांगतली तं हे सगळे तिथूनच मोजतात."

सगळे हसले. मी हसले नाही. त्याच सालच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी या घरात आले होते.

दुसऱ्या दिवशी ती सिस्टिम पेनड्राइव्हमध्ये घालून ब्रह्मपुरीला निघाली. दुसऱ्याच्या मशीनवर चालते का ते पाहायला. गुडघ्याची गोळी आणायची म्हणून मीही जीपमध्ये बसले. फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानात जुना कॉम्प्युटर होता, दुकानदाराने तो दिला. तिने पेनड्राइव्ह लावला. काळा पडदा आला. चार ओळी आल्या. पाचवीवर सगळं थांबलं. तिने बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा पाचवीवर थांबलं. तिसऱ्यांदाही तसंच.

मागून दुकानदार म्हणाला, "ताई, फॉर्म भराचा हाये का? लाइन लागली मांगं."

परतताना जीपमध्ये ती पेनड्राइव्ह मुठीत धरून बसली. समजूत काढायचं मला कधीच जमलेलं नाही.

चूक तिने स्वतःच शोधली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. वादळाची चूक होती. लाइट आल्यावर तिने घाईत काम सुरू केलं ते मशीनमधल्या त्या खोलीच्या दाराबाहेरच. आत जाऊन दार लावायचं विसरली. तिथून पुढे जेवढे भाग बनले त्यांत जुन्याचा हात लागला होता. अडलं की ते गुपचूप जुन्याकडून उसनं घेत होते. तिच्या लॅपटॉपमध्ये जुनं शेजारीच होतं, म्हणून काही कळलं नाही. दुकानातल्या मशीनमध्ये शेजारी कोणी नव्हतं.

"मंग आता?" मी विचारलं.

"दोन रस्ते हायेत. जुन्यातलं जे जे हे मागते थे उचलून याच्यात टाकून द्याचं. एका दिवसाचं काम. कोणत्याबी मशीनवर चालून जाईल. नाई तं वादळापासून पुढचं सगळं मोडाचं आन पुन्हा कराचं."

"दिवस किती राह्यले?"

"अकरा."

"पह्यले किती लागले होते?"

"अठरा."

मी गाठ पूर्ण केली आणि सांगितलं, "टाक उचलून. कोण पाह्यते?"

"कोणाले नाई दिसत," ती म्हणाली. "मले दिसते ना."

मला राग आला. चौथी शिकलेल्या बाईला अकरा आणि अठराचा हिशेब कळतो, हिला कळू नये? "तुह्या बापानं डबा काढला नाई अजून सायकलीचा," मी म्हटलं. "मोडलं तं पाळीवर धावत राह्यशीन जन्मभर."

तिने चिडून विचारलं, "तू असती तं काय केलं असतं?"

तिला उत्तर नको होतं, तिने नुसतं तोंडावर फेकलं होतं. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण त्या मशीनने सत्तर साल काढल्यापासून ते माझ्या डोक्यात होतंच.

मी तिला सांगितलं. या घरात आल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात मी माझं पहिलं मोठं जाळं विणलं. आमच्या गावात नियम आहे, जाळ्याचा डोळा तीन बोटांचा. मोठ्या माणसाची तीन बोटं जुळवून आरपार गेली पाहिजेत, म्हणजे लहान पिल्लं सुटून जातात. पट्टी कापायची तीही तीन बोटं ठेवूनच. पण मला घाई होती. मी सासूची पट्टी घेतली आणि तिच्यावरून नवी कापली. सासूने तिच्या सासूच्या पट्टीवरून कापली होती. दोऱ्याने आणि अंगठ्याने पट्टी झिजते, दरवर्षी केसभर. झिजलेलीवरून झिजलेली कापत आलो आणि कोणाला कळलं नाही. माझं जाळं तलावावर नेलं तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या पुढाऱ्याने डोळ्यात बोटं घातली. दोन गेली, तिसरं अडलं.

"बाई, जाळं आणलं का चाळणी?" तो सगळ्यांदेखत म्हणाला. "काप, नाई तं या पाण्यात टाकू नोको."

पूर्ण उन्हाळ्याचं काम होतं. मी कापलं नाही. तलावातही टाकलं नाही. गावाबाहेर एक बोडी होती, तिथे कोणी जाळी तपासत नसे. दोन वर्षं मी भरदुपारी तिथे जाऊन ते जाळं टाकलं. मरळीची बोटभर पिल्लंसुद्धा यायची. तीही आणली, शिजवली, घरच्यांना घातली. तिसऱ्या वर्षी त्या बोडीत बेडकं उरली. लोक म्हणाले, ऊन फार झालं, बगळे फार झाले. मीही तेच म्हणाले.

"पन्नास वर्षांत कोणाले नाई सांगतलं," मी पल्लवीला म्हटलं. "तुले सांगून राह्यली."

तिने पडद्यावरच्या बोडी या नावाकडे पाहिलं. पंखा फिरत होता. मग म्हणाली, "आजी, मंग याचं नाव बदलवू का?"

"नाव राहू दे."

तिने एक ओळ लिहिली आणि पडदा रिकामा झाला. वादळापासूनचं सगळं गेलं. मला वाटलं होतं मोडायलाही वेळ लागेल. जाळं कापायला लागतो.

पुढचे अकरा दिवस घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. ती सकाळी धावायला जाईना, आणि रामदासने एकदा डबा वाजवून पाहिला तेव्हा सुनंदाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तो पुन्हा वाजवला नाही. लाइट रोज जायची. आली की मी जागेवरूनच विचारायचे, "दार लावलं का?" ती म्हणायची, "लावलं." मी विचारायचे, "पाह्यलं का लावलं म्हणून?" मग ती पुन्हा पाहायची. एकदा खरंच लावलेलं नव्हतं. त्या सगळ्या कामात माझा वाटा एवढाच.

सगळं झालं नाही. दिवस पुरले नाहीत. आधीच्या बोडीत असलेल्या कितीतरी सोयी या वेळी तिने गाळल्या. इंटरनेट नाही, आवाज नाही, चित्र नाही. नुसता काळा पडदा आणि विचारणारी रेघ. पण ब्रह्मपुरीच्या दुकानात पाचवी ओळ गेली, सहावी गेली आणि बोडी उभी राहिली. तारीख विचारली तर सत्तर साल. दुकानदार म्हणाला, "घड्याळ बिघडलं हाये, ताई." पल्लवी म्हणाली, "राहू द्या." आणि तिथेच त्या फॉर्मांच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून रडली. मी बाहेर जाऊन गोळ्या घेतल्या.

नागपुरात काय झालं ते तिने सांगितलं तसं सांगते. त्यांच्या मशीनवर ते चाललं. साहेबाने विचारलं, हे एवढंसंच का? तिने खरं सांगितलं, की मोठं बनवलं होतं, त्यात जुन्याचं मिसळलं होतं, म्हणून मोडलं. जेवढं आहे तेवढं नव्याचंच आहे. त्याने मग त्या वादळाबद्दल तासभर खोदून विचारलं. बाकी काही विचारलं नाही. आधी सहा महिन्यांसाठी घेतलं, मग कायम केलं. रामदासने डबा सायकलवरून काढला. आता त्यात सुनंदा मीठ ठेवते.

या वर्षी वैशाखात पल्लवी चार दिवस आली. सपरीत माझ्याजवळ बसली होती. सुनंदाला जाळं विणायचं होतं, तिला पट्टी हवी होती. मी बांबूचा तुकडा घेतला, माझी पट्टी त्यावर ठेवली आणि कोयत्याने खूण करायला लागले. ही माझी पट्टी म्हणजे त्या चाळणीनंतर मी बोटं ठेवून नीट कापलेली. पन्नास वर्षं वापरलेली.

पल्लवी म्हणाली, "आजी, त्याच्यावरून कापून राह्यली?"

माझा हात थांबला.

मी बोटं पट्टीवर ठेवून पाहिली. बरोबर आली. मग मी माझ्या बोटांकडे पाहिलं. वाळलेली, वाकलेली, सांधे तेवढे मोठे. पट्टी झिजली होती आणि बोटंही झिजली होती, आणि दोघांनी एकमेकांना बरोबर ठरवलं होतं.

"तुहा हात इकडं आण," मी तिला म्हटलं. तिच्या मधल्या बोटात अंगठी होती, ती काढायला लावली. तीन बोटं बांबूवर जुळवून ठेवली. माझ्या पट्टीपेक्षा गव्हाच्या दाण्याएवढं जास्त भरलं. तिथे खूण केली आणि पट्टी कापली, दोन्ही कडा घासून गुळगुळीत केल्या आणि सुनंदाला दिली.

माझी जुनी पट्टी चुलीत घातली. सासूची वळचणीत खोचलेली होती, तीही काढून घातली. पल्लवीने त्यावर चहा केला.